जाग्रतानंदांचा अंगारा

गिरणीच्या फाटकासमोर जाग्रतानंद महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार ओळीनं बसून जिभेला अंगारा लावत आणि रंभाबाईचा मिरचीचा ठेचा गुळासारखा चघळत. डोळ्यांत टिपूस नाही. फौजदाराला रडवणाऱ्या ठेच्याचा हा अपमान रंभाबाईलाच झोंबला.

"भक्तीनं मिरचीचा गूळ होतो," महाराज म्हणाले. "झोप ही आळशाची बायको. माझ्या भक्तांनी तिला काडीमोड दिलाय."

रंभाबाई त्याच फाटकावर भाकरी-ठेचा विकायची. ही कृपा सुरू झाल्यापासून भाकऱ्या उरत, ते ती सोसत होती. पण धाकटा भाऊ बिरप्पाच उरेनासा झाला होता. आधी तो गिरणीत पाळीवर पाळी करी, वर भजन म्हणे. "आक्का, लई हलकं वाटतंय की." मग अंगाऱ्याच्या एका चिमटीनं भागेना. मग झोप उडाली, गालफडं बसली. आता तो नखांनी दंड ओरबाडत होता.

"कातडीखाली किडं चालत्यात. आन तू माज्यावर पाळत ठिवतीस, कळत न्हाय व्हय मला?"

महाराजांकडे प्रत्येक टप्प्याला उत्तर तयार. तरतरी आली, देवी जागी झाली. झोप गेली, साधना पिकली. किडे वळवळले, पूर्वजन्मीची पापं बाहेर पडतायत. अंगारा दुप्पट करा.

एकदा रंभाबाईनं बिरप्पाच्या पुडीतला अंगारा गुपचूप चाखला. जीभ लाकूड झाली. दाढ काढताना वेणीमाधव डॉक्टरांनी हिरडीला औषध लावलं होतं, अगदी तशी. उरलेली पुडी तिनं डॉक्टरांना दाखवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच मांडवात आणलं.

"महाराज, भक्तीनंच तिखट मरतंय न्हवं? मग आज अंगारा ऱ्हाऊ द्या. निस्ता डोक्यावर हात ठिवा."

"व्हय की, दावा," मागून कुणीतरी म्हणालं. महाराजांनी नाइलाजानं पट्टशिष्य महिपतीच्या डोक्यावर हात ठेवला. महिपतीनं ठेच्याचा घास घेतला आणि नाकाडोळ्यांतून धारा वाहत तो पाण्याच्या घागरीकडे धावला.

"राखेत कोकेन आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यानं जीभ बधिर होते, भूक-झोप मरते."

"पर पयल्या महिन्यात गुण आला की," एक कामगार म्हणाला.

"आला. तिथंच फसलात. पुडी तीच, पण तिचं वागणं बदलतं. आधी तरतरी, मग तेवढ्यासाठीच जास्त मात्रा, मग भास आणि संशय. काळजाला धोका मात्र पहिल्या चिमटीपासून. आणि मध्ये सोडून पुन्हा जुनी मोठी मात्रा घेतली, तर तीच शेवटची ठरू शकते."

डॉक्टरांनी बोलावलेल्या पोलिसांनी महाराजांना नेलं. बिरप्पा बहिणीच्या कानाशी वाकला. "आक्का, खोटंच आसंल. पर एक चिमूट दे की."

रंभाबाई त्याला रागावली नाही. त्याचा हात डॉक्टरांच्या हातात देऊन ती लोकांकडे वळली.

"बाबा गेला म्हंजी सुटलो, आसं न्हाय. काल गुण आला म्हणून आज डोळं झाकू नका. आपलं मानूस जेवतंय का, झोपतंय का, रोज बघा. देव खरा का खोटा, ते मागनं ठरवू."