खंडेनवमीला उचललेला पाना

मी मोटारीचा पाण्याचा पंप बोलतोय. तुम्ही मला कधी पाहिलं नसणार. मोटार आली की माणसं तिचे चकचकीत दिवे बघतात, भोंगा दाबून बघतात, पोरं तिच्या धुरळ्यातून धावत सुटतात. मी आत, इंजिनाच्या कुशीत, तेलकट अंधारात. माझं काम एकच, तापलेल्या इंजिनातून पाणी फिरवत ठेवायचं. पाणी फिरतंय तोवर मोटार ही मोटार. थांबलं की ती चाकांवरची भट्टी.

गोड बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही, आधीच सांगतो. ज्या घरात मी झिजलो, त्या घरात मला आज हळदकुंकू वाहतात. माझा राग त्या हळदकुंकवावर आहे.

माझा जन्म विलायतेतला. पितळ ओतून माझं अंग घडवलं, आत पोलादी दांडा बसवला, दांड्यावर पाणी ढकलणारी पाती. मोटारीबरोबर बोटीतून मुंबईला आलो. तिथला गोरा साहेब जर्मनीच्या लढाईवर निघाला, तेव्हा त्यानं मोटार विकून टाकली. ती घेतली कसबा बावड्याच्या हंबीररावांनी. कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचं राज्य होतं आणि मोटारी अगदी मोजक्या होत्या. हंबीररावांच्या दारात मोटार उभी राहिली, त्या दिवशी अख्खा बावडा तिच्याभोवती जमला. एका म्हातारीनं तर तिच्यापुढं वैरणीची पेंढी आणून टाकली.

मोटार चालवायला ठेवला कुतुबुद्दीन. तिशीचा, मिशा पिळदार, बोलणं कमी. साहेबाच्या ड्रायव्हरकडून मुंबईत चार महिने राहून तो मोटार शिकून आला होता. माझ्या डोक्यावर वंगणाची एक पितळी वाटी होती. तिचं झाकण रोज थोडं पिळलं की वंगण दांड्यापर्यंत उतरायचं. कुतुबुद्दीन न चुकता पिळायचा. त्याच्या हातात मी सुखात होतो.

पण हंबीररावांच्या मनात एक बसलं होतं. मोटारीच्या तोंडी पाणी जाईल तर पंचगंगेचंच! घरच्या आडाला नितळ पाणी होतं, ते चालायचं नाही. लक्ष्मी दारात आलीय, तिला तीर्थ पाजायचं. उन्हाळ्यात ठीक होतं. पण आषाढात नदीचं पाणी कसं असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तांबडं, चहासारखं, तळाशी बोटभर गाळ.

"सरकार, ह्यात रेती हाय की," कुतुबुद्दीन एकदा म्हणाला. "पंप खाऊन टाकंल ही."

"तीर्थाला रेती म्हणतोस व्हय रं?" हंबीरराव गरजले. "नदीमाई हाय ती."

कुतुबुद्दीन मग फेट्याचं टोक धरून त्यातून पाणी गाळून ओतू लागला. बारीक रेती तरीही यायची. तिनं माझी पाती कुरतडली, दांड्याला चरे पाडले. नदीमाईचा मी काय अपराध केला होता? तिनं तरी माझ्या पोटात यायचं कुठं मागितलं होतं? माणसांनी एकीला पवित्र ठरवलं आणि दुसऱ्याचा जीव घेतला.

तीन पावसाळ्यांत मी खिळखिळा झालो. दांडा डुगडुगायला लागला, दांड्याच्या तोंडातून पाण्याची धार लागली. कुतुबुद्दीन चरबीत भिजवलेलं सूत दांड्याभोवती गुंडाळून ती थोपवायचा आणि चार कोसांवर ती परत सुटायची. शेवटी त्यानं सांगितलं, नवा पंप मागवा. हंबीररावांनी मागवला. कंजूष नव्हता माणूस. मुंबईहून रेल्वेनं लाकडी पेटी आली. भुशात निजवलेला माझा धाकटा भाऊ आत होता, नवा कोरा.

पेटी आली ती पितृपंधरवड्यात.

"पितरांच्या दिवसात नवं काय बसवायचं न्हाय," हंबीरराव म्हणाले.

पंधरवडा संपला. घट बसले. कुतुबुद्दीन पाना घेऊन आला.

"आता एवढं थांबलोय की, थेट दसऱ्याला बसवू," हंबीरराव म्हणाले. "त्या दिवशी मुहूर्त बघायला लागत न्हाय."

मोटारीला मुहूर्त लागतो, तिच्या झिजण्याला नाही. मी गोठ्याशेजारच्या छपरात ठिबकत राहिलो.

त्या साली नवरात्रात गावात आवाज नव्हता. मानमोडीची साथ आली होती. सकाळी ताप, दुपारी धाप, आणि बऱ्याच घरांतून दोन-तीन दिवसांत ताटी निघायची. तरणीताठी माणसं जात होती. बावड्यात लोक दारं लावून बसले होते.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. ह्या दिवशी इकडं हत्याराची पूजा. देवघरापुढं चौरंगावर आज्याची तलवार मांडली, तिच्याशेजारी विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. आणि कुतुबुद्दीननं आपल्या हातानं पुसून ठेवलेले मोटारीचे पाने, हातोडी, पेचकस. दरवर्षी तोच मांडायचा, मोठ्या हौसेनं. नव्या पंपाची पेटीही हंबीररावांनी तिथंच ठेवायला लावली. सगळ्यांवर गुलाल, झेंडू, कुंकवाची बोटं. मोटारीच्या गळ्यातही हार. रीत अशी की पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत उचलायचं नाही.

पूजा आटोपते तोच आजऱ्याहून केरबा आला. हंबीररावांची एकुलती लेक शालूबाई आजऱ्याला दिली होती, तिच्या सासरचा हा गडी. निपाणीत घोडं बदलून रात्रभर दौडत आला होता. अंगणातच बसकण मारली त्यानं.

"वैनीसाबांस्नी मानमोडी झालीया. त्यांची जाऊ काल गेली. तिकडं औषिद न्हाय, डाक्टर न्हाय. मोटार धाडा म्हणून सांगितलंय. कोल्हापुरास नेलं तर वाचतील."

शालूबाईची आई, जिला सारं घर आक्का म्हणायचं, ती दारातच खाली बसली. हंबीरराव छपराकडं धावले.

"कुतुबुद्दीन! काढ मोटार!"

"काढतो की. पर सरकार, ह्या पंपावर ती कागलच्या म्होरं जायची न्हाय. पेटी उघडू द्या. दोन-तीन तासांत नवा बसवतो."

हंबीरराव जागच्या जागी थांबले. चौरंगाकडं पाहिलं.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या सोनं लुटलं की लगीच."

"सरकार..."

"माझ्या आज्यानं खंडेनवमीला तलवार उचलली हुती. म्हैन्यात घरातला थोरला गेला. आज पाना उचलला आन् पोरीच्याच जिवावर बेतलं तर? सांग की!"

तो माणूस दुष्ट नव्हता. म्हणून तर मला जास्त चीड येते. लेकीवर त्याचा जीव होता. त्या जिवापायीच तो हात बांधून बसला, घटापुढं, डोळे मिटून. इकडं पेटीत नवा पंप, चौरंगावर पाने, छपरात मोटार, टाकीत पेट्रोल. सगळं हजर. आणि आजऱ्याला एक पोरगी श्वास मोजत पडलेली!

कुतुबुद्दीन माझ्यापाशी येऊन बसला. माझ्या गळतीखाली त्यानं हात धरला, थेंब तळव्यावर पडत राहिले. दुपार झाली तेव्हा आक्का छपरात आली.

"कुतुबा, तू का बसलास? उचल की पाना."

"आक्कासाब, म्या सोताच्या हातानं पुजेत ठेवलंय त्ये. माझा बी हात उचलत न्हाय." मग खाली बघत म्हणाला, "आन् खरं सांगू? उद्या ताईंस्नी काय झालं, तर लोक म्हनतील, मुसलमानानं पूजा मोडली. मग बावड्यात माझी बायकापोरं ऱ्हातील व्हय?"

आक्का तरातरा देवघरात गेली. मला दिसत नव्हतं, पण ऐकू आलं. लोखंडावर लोखंड खणखणलं.

"अगं काय करतीस! ठेव ती!"

"देवी आई हाय नव्हं? मग आईचं तिला कळंल. दोष लागायचा तर मला लागू दे."

ती आली तेव्हा लुगड्याच्या ओच्यात पाने, हातोडी, पेचकस आणि त्यांच्यात अडकलेली झेंडूची फुलं. काखेत पेटी.

मग काम सुरू झालं. पाणी सोडून दिलं, तांबडं पाणी. रबरी नळ्या ओढून काढल्या. माझे बोल्ट गंजून बसले होते, कुतुबुद्दीननं रॉकेल सोडून ते एकेक फिरवले. एकानं वरून पाना धरायचा तर दुसऱ्यानं खालून मला तोलायचं, असं ते काम. आक्का मोटारीखाली आडवी झाली. काळं तेल तिच्या कपाळावरच्या कुंकवावर ओघळलं. मी सुटलो तो तिच्या हातातच. केवढे गरम होते तिचे हात! तिनं मला बाजूला लोटलं, तेही बरोबरच होतं.

पेटीत एक वस्तू नव्हती. पंप आणि इंजिन यांच्या मध्ये जाड कागद बसवावा लागतो, नाहीतर सांध्यातून पाणी झिरपतं. कुतुबुद्दीननं भुसा उपसून पाहिला.

"कागद पायजे, आक्कासाब. असला तसला न्हाय, चांगला चिवट."

आक्का उठली आणि देवघरातलं पंचांग घेऊन आली.

"हे घे."

"ह्ये?"

"हेच आडवं आलंतं न्हवं? आता कामाला येऊ दे."

कुतुबुद्दीन तिच्याकडं पाहतच राहिला. मग त्यानं पुठ्ठा आणि चार पानं फाडली, तेलात भिजवली, नव्या पंपाच्या तोंडावर ठेवून हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत गेला. कागद बरोबर त्या आकारात कापला गेला. मुहूर्त, राहुकाळ, भद्रा, सगळं त्या सांध्यात चिणलं गेलं. पंप बसला. आडाचं नितळ पाणी ओतलं. एक थेंब गळला नाही.

दिवेलागणीला मोटार गेली. कुतुबुद्दीन, आक्का, केरबा. हंबीरराव घटापुढून उठले नाहीत. आणि मी भुशाच्या ढिगात पडून राहिलो. रस्त्यात काय होतंय ते मला आयुष्यात पहिल्यांदाच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना भोंगा न वाजवता मोटार आली. माणसं आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाली होती, ती रस्त्यातच थबकली. मागच्या बाकावर आक्का ताठ बसली होती. तिच्या मांडीवर शालूबाईचं डोकं, पांघरूण तोंडावरून घेतलेलं. मोटारीच्या गळ्यातला हार अजून तसाच होता.

कागलच्या अलीकडं ती गेली.

हंबीरराव मोटारीपाशी आले. हातात आपट्याची पानं होती. पांघरुणाकडं पाहिलं आणि ते ओरडले, "म्हटलं न्हवतं म्या? हत्यार उचलू नगा! पाना उचलला, म्हणून गेली माझी पोर!"

कुतुबुद्दीन मागं सरकला. सगळा बावडा त्याच्याकडं बघत होता.

आक्का खाली उतरली. ती त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहिली.

"पाना म्या उचलला. कुतुबानं न्हाय. समद्यांनी ऐकून घ्या." मग नवऱ्याकडं वळली. "आजऱ्यातनं ती जित्ती निघालीती. मला वळखलं तिनं. उत्तूरला पाणी मागितलं, ते माझ्या हातचं प्याली. एवढं मला त्या पान्यानं दिलं. तुमच्या दसऱ्यानं काय दिलं वो?"

हंबीररावांच्या हातातली पानं गळून पडली. कुणी उचलली नाहीत.

सकाळी निघाले असते तर ती वाचली असती का? ते मी सांगू शकत नाही. मानमोडीनं डॉक्टरांच्या उशाशी असलेलीही माणसं नेली. हंबीरराव ह्याच वाक्याच्या आडोशाला आजवर बसून आहेत. पण तो एक दिवस तिचा होता. तो तिच्याकडून काढून घेतला, आणि वर देवाचं नाव दिलं.

आता माझं सांगतो. मी मोडीत गेलो नाही. हंबीररावांनी मला घासूनपुसून ठेवलंय. दर खंडेनवमीला तलवारीशेजारी मला मांडतात आणि माझ्या फुटक्या तोंडावर कुंकू लावतात. मला पुजू नका! मी जिवंत होतो तेव्हा नितळ पाणी द्यायचं होतं. मी झिजलो तेव्हा बदलायचं होतं. आता मला वितळवा, माझी घागर करा, कुणाची तहान तरी भागेल.

एक मात्र बदललंय. चौरंगावर पान्यांची रांग लागते, तिच्यात मधेच एक जागा मोकळी असते. तो पाना आक्का पूजेला देत नाही. खंडेनवमीच्या दिवशी तो मोटारीच्या छपरात खिळ्याला टांगलेला असतो, कुतुबुद्दीनच्या हाताला येईल असा. हंबीरराव ती मोकळी जागा बघतात, आणि तिच्याभोवतीनं फुलं वाहतात.