फळ्यावरचा कॉम्प्युटर

गंगाखेडच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी एक अख्खी खोली रिकामी करण्यात आली. खोलीला पडदे लागले, छताला नवा पंखा लागला, खाली सतरंजी अंथरली गेली. पोरींना बसायला धड बाक नव्हते, पण मशीनचा थाट नवाबाचा. दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढाव्यात. आता चपला काढून जायचं कुठं, तर दाराला हे भलंमोठं कुलूप, आणि त्याची चावी गणिताचे प्रमुख दिनकरराव यांच्या करदोड्याला. आंघोळीलासुद्धा ते ती सोडत नसत म्हणे.

मनकर्णा राणीसावरगावची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रोज एसटीत उभ्यानं यायची आणि उभ्यानंच जायची. तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, औरंगाबादला जाऊन गणितात एम.एस्सी. करायचं. पण तिथं आता प्रवेशाआधी उमेदवाराला कॉम्प्युटरपुढं बसवत आणि गणिताचं सॉफ्टवेअर चालवून दाखवा म्हणत. तेच सॉफ्टवेअर ह्या कॉलेजातही मशीनबरोबर आलेलं होतं, काळ्या पातळ फ्लॉप्यांमध्ये. तिच्या बापानं, आश्रुबानं, साफ सांगून टाकलं होतं, नंबर लागला तर शीक बाई, न्हाई लागला तर ताडकळसचे पाहुणे कवाचे तयार हायत. म्हणजे पोरीचं सगळं आयुष्य त्या कुलपाशी येऊन अडलं होतं.

ती दर आठवड्याला दिनकररावांकडं जायची, आणि दर आठवड्याला सरांकडं नवं कारण तयार असायचं. पावसाळ्यात म्हणाले, हवेत ओल हाय, मशीनला सर्दी होती. ऊन पडलं तर म्हणाले, धूळ लय उडायलीय. मग म्हणाले, नामांतराचं वातावरण हाय, कोण कवा दगड मारील भरवसा न्हाई, खोली उघडायचीच नको. खरी गोष्ट एवढीच होती की सरांना ते मशीन चालू करता येत नव्हतं. पण हे कबूल करायचं म्हणजे इभ्रत गेली, आणि इभ्रत तर मशीनपेक्षा महाग.

तरी अभ्यासक्रम पूर्ण करायचाच होता, म्हणून सरांनी कॉम्प्युटर फळ्यावर शिकवायला घेतला. पट्टी लावून त्यांनी कळफलक काढला, एकेक बटन चौकोनी, देखणं. डावीकडून सुरुवात केली आणि उजवीकडं येता येता फळाच संपला. पुढं दाराची चौकट होती, म्हणून उरलेली बटनं राहिली ती राहिलीच. पोरांनी तेवढाच कळफलक पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि त्यावर बोटं आपटत बसली. सर कमांड सांगायचे, वर्ग पाढे म्हटल्यासारखा सुरात म्हणायचा. कमांड लिहून झाली की सर हात वर करून बजावायचे, "आता हात मांडीवर. मशीन विचार करायलंय. मधी बोट लावायचं न्हाई." वर्ग श्वास रोखून बसायचा. मग सर पुस्तकात बघून उत्तर फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, बघा, आलं. असं शिक्षण चाललं होतं त्या विद्येच्या देवळात.

शेवटी मनकर्णानं पिच्छाच सोडला नाही, तेव्हा वैतागून सरांनी शब्द दिला. दसरा होऊ दे, मग शुभ दिवस बघून खोली उघडतो आणि पहिलं तुलाच बसवतो.

खंडेनवमीला कॉलेजातल्या सगळ्या हत्यारांची पूजा निघाली. शिपायाचं खुरपं, प्रयोगशाळेचा तराजू आणि मधोमध, पूजेपुरता खोलीबाहेर आणलेला कॉम्प्युटर. पूजेला प्राचार्यांच्या मंडळी कुसुमबाई शालू नेसून आल्या. रांगोळी काढायला मनकर्णाला बोलावलेलं, कारण पोरींचा तेवढा उपयोग कॉलेजाला ठाऊक होता. दिनकररावांनी फ्लॉप्या पाकिटांतून काढून तबकात मांडल्या. कुसुमबाईंनी हळदी-कुंकवाचं बोट उचललं आणि विचारलं, लावू कुठं? फ्लॉपीला ना कपाळ ना तोंड. सरांनी फ्लॉपीच्या मधली लांबट खिडकी दाखवली, जिथून आतली चकती उघडी दिसते. हाच हिचा चेहरा, म्हणाले.

मनकर्णाच्या हातातली रांगोळी तशीच राहिली. "सर," ती म्हणाली, "त्या खिडकीला बोट लावायचं न्हाई म्हणून तुमीच लिहून दिलंत."

"ते माणसांच्या बोटाचं," दिनकरराव म्हणाले. "हे देवाचं काम हाय. पूजेत आडवं बोलू न्हाई."

कुसुमबाईंनी एकेका फ्लॉपीला प्रेमानं हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि बोटाला पाणी लावून तेही शिंपडलं. सरांनी हात जोडले. पोरीला जेवढा राग आला तेवढा जन्मात कधी आला नव्हता.

दसऱ्यानंतर खोली उघडली खरी. परभणीहून आलेल्या माणसानं मशीन चालू करून दिलं आणि फ्लॉपी आत घातली. आतून घर्र-घर्र आवाज आला, पडद्यावर काहीतरी इंग्रजी उमटलं, आणि खेळ संपला. एकेक करून सगळ्या तशाच निघाल्या. त्या माणसानं फ्लॉपी उजेडात धरून कुंकू बघितलं आणि सरांकडं बघितलं. सरांनी लगेच निदान केलं, व्होल्टेज कमी पडलं. प्राचार्यांच्या मंडळींच्या बोटाचं नाव कोण काढणार? दाराला पुन्हा कुलूप बसलं आणि वर्ग पुन्हा फळ्याकडं वळला.

मे महिन्यात मनकर्णा औरंगाबादला गेली. परीक्षेच्या खोलीबाहेर तिनं कॉलेजातली पाटी आठवून चपला काढल्या, तर आतली पोरं तिच्या पायांकडं बघायला लागली. परीक्षकांनी एक मॅट्रिक्स मशीनमध्ये आधीच घालून ठेवलेलं होतं. ह्याचं व्यस्त काढून दाखवा, म्हणाले, आणि दुसऱ्या मुलाकडं गेले. खऱ्या कळफलकाला तिनं पहिल्यांदाच हात लावला, पण बोटं न चुकता जागच्या जागी पडली. कमांड बिनचूक लिहिली, कंससुद्धा पुरा केला. मग तिनं हात मांडीवर ठेवले, कारण मशीन विचार करत होतं.

ती वाट बघत बसली. पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत होती. बसल्या बसल्या तिनं ते गणित मनात सोडवूनही टाकलं, तरी मशीनचा विचार काही संपेना. पण बोट लावायचं नाही म्हणजे नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा परीक्षक आले, पडद्याकडं वाकून बघितलं आणि उजव्या टोकाचं एक मोठं बटन दाबलं. उत्तर चुटकीसरशी खाली पडलं, तिनं मनात काढलेलंच.

"अहो, एंटर कोण दाबणार?" परीक्षक म्हणाले आणि तिच्या नावापुढं रेघ ओढून पुढं गेले.

गुणपत्रिका न्यायला ती कॉलेजात आली, तेव्हा स्टाफरूममध्ये दिनकररावांनी सगळ्यांपुढं मोठ्या तोऱ्यात विचारलं, कसं झालं गं, आपण शिकवलेलं कामाला आलं का?

"सगळं आलं, सर," मनकर्णा म्हणाली. "तुमचा फळा तेवढा आखूड पडला."

सरांनी ते मनावर घेतलं. प्राचार्यांच्या मागं लागून त्यांनी भिंतभर नवा फळा करून घेतला, पार खिडकीपर्यंत. जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा त्याची पूजा झाली, कुसुमबाईंनी त्याला हळद लावली. त्याच आठवड्यात राणीसावरगावात मनकर्णालाही लागली.