आधी पावणीनं खायचं

वसाबीची, त्या नाकाला झोंबणाऱ्या जपानी हिरव्या चटणीची, आख्खी ट्यूब सोनियाच्या नरड्यात पिळावी, असं मंगलला वर्षभर वाटत होतं. सोनिया म्हणजे तिची थोरली जाऊ. राहायला सांगलीत. तिथं नवा मार्ट उघडल्यापासून बाईला एक नाद लागला होता. तिथल्या फळीवरचं कुणी कधी न बघितलेलं खाणं उचलून आणायचं, मोबाईलसमोर खायचं, डोळे मिटून 'अमेझिंग!' म्हणायचं आणि जगाला दाखवायचं. खाऊ दे की बापडी! खाण्यावर कशाला कुणाचा राग असेल? मंगलचा राग वेगळाच होता.

मागल्या साली मंगलची आई, भामाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीला गेली आणि सोनियाच्या घरी उतरली. भामाबाई आटपाडीकडच्या माळावरची, मेंढरांमागं जन्म काढलेली धनगरीण. मंगल पलूसहून तिच्या सोबतीला आली होती. डोळ्यावरची पट्टी निघाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोनियानं म्हातारीपुढं बशी ठेवली. बशीत हिरवागार गोळा.

"पुदिन्याची चटणी आहे, आजी. खाऊन बघा ना!"

एरवी ती भामाबाईला मावशी म्हणायची. मोबाईल चालू झाला की आजी.

आता भामाबाईच्या घरची रीत अशी की आधी पावण्यानं खायचं. पावण्याचं तोंड हलल्याशिवाय घरच्यांनी घास उचलायचा नाही. आणि पावण्यानंही पुढ्यात आलेलं थुंकायचं नाही, तो घरधनिणीचा अपमान. सोनियाच्या घरात भामाबाई पावणी. तिनं चमचाभर चटणी तोंडात घातली. नाकातून जाळ निघाला, नुकत्याच कापलेल्या डोळ्यातून धारा लागल्या, तरी ती बाई तोंडावर पदर दाबून गिळत राहिली. सोनिया खदाखदा हसत ते सगळं टिपत होती. मंगल आत चहा करत होती. ती बाहेर येईस्तोवर खेळ आटपला होता.

मंगलला वाटलं, चार लोक बघतील आणि विसरतील. कसलं काय! तो व्हिडिओ पार आटपाडीपर्यंत घरोघर पोचला. महिनाभरानं बिरदेवाची जत्रा आली. जत्रेत देवापुढं ठेवायचा पहिला निवद भामाबाईच्या घरचा, हा मान तिच्या सासूच्या सासूपासूनचा. डोक्यावर टोपली घेऊन ती देवळाकडं निघाली आणि कुणीतरी ओरडलं, "चटणीआजी, चटणी आणलीस का गं?" पोरंटोरं हसली तर एक वेळ सोडून देता येतं, पण मिशीवाले बाप्येसुद्धा फिदीफिदी हसले. भामाबाईनं निवद ठेवला, माघारी आली आणि टोपली कोपऱ्यात टाकून जत्रेला माहेरी आलेल्या लेकीला म्हणाली, "मंगल, म्होरल्या साली निवद भावकीतल्या हरिबाच्या सुनेच्या हातनं धाडायचा. म्या न्हाई जायाची आता."

तेवढंच बोलली. पण ते मंगलच्या काळजात रुतून बसलं.

तिनं सोनियाला तेव्हाच फोन केला होता. व्हिडिओ काढून टाका म्हणून हात जोडले होते. सोनिया म्हणाली, "अगं, किती फेमस झाल्यात त्या! लोक प्रेमानं म्हणतात गं." प्रेमानं म्हणे! मंगलनं फोन ठेवला आणि भाकरीचं पीठ असं मळलं की परात वाजायला लागली.

आणि बघा, यंदा जत्रा तोंडावर आली असताना सोनियाचाच फोन आला. मार्टवाल्यांना आजींच्या व्हिडिओचा दुसरा भाग हवा होता. पिशवीभर नवा माल त्यांनी फुकटच दिला होता. "येशील का गं आजींना घेऊन?"

मंगलच्या ओठावर शिवी आली होती. तिनं ती गिळली आणि आवाजात साखर घोळली.

"आवं वैनी, फ्लॅटमधी काय मजा? तुमीच या की आईच्या वस्तीवर. माळ हाय, मेंढरं हायती, चूल हाय. आन ह्या टायमाला लाईव करा. लोकं म्हणत्यात, तुमी व्हिडिओत कापाकापी करता."

"कोण म्हणतं?" सोनियाचं नाक लगेच फुगलं. "लाईव्हच करते. बघू दे सगळ्यांना!"

आता खरी गंमत अशी, की कापाकापी ती करायचीच. मंगलनं सांगलीत डोळ्यांनी बघितलं होतं. 'अमेझिंग' म्हणून झालं की सोनिया मोबाईल बंद करायची, पळत जाऊन बेसिनमध्ये थुंकायची, चूळ भरायची आणि मग वरणभात खायची. लाईव्हमध्ये कुठं थुंकशील, बये? एक घास जरी गिळावा लागला तरी मंगलचं काळीज थंड होणार होतं. माहेरी जाऊन तिनं आईला सगळं सांगितलं. भामाबाई वाकळ शिवत बसली होती. सुई न थांबवता म्हणाली, "येऊ दे. पावणी हाय."

सोनिया आली ती शिवलेली नऊवारी नेसून. अंगणात घोंगडं अंथरलं, स्टँडवर मोबाईल लावला. मंगलनंही आपला मोबाईल गुपचूप भिंतीतल्या दिवळीत टेकवून व्हिडिओ चालू केला. सोनियाच्या पडद्यावर लाल बदाम उडायला लागले, सांगलीहून मार्टवाले बघत होते.

"तर मंडळी, आपल्या लाडक्या आजी आज खाणार आहेत समुद्राचं शेवाळ!" सोनियानं काळा कागदासारखा तुकडा भामाबाईच्या तोंडाजवळ नेला.

भामाबाईनं तिचं मनगट धरलं.

"आवं, आसं कसं? तुमी पावण्या. आदी तुमी खावा. पावण्याआदी खाल्लं तर बिरदेव कोपंल माझा."

सोनिया हसली. पडद्याकडं बघते तर लोक लिहीत होते: आजी बरोबर बोलल्या, पाहुणी आधी! मग करते काय? तिनं कोपरा कुरतडला. "अमेझिंग!"

"येवढंच? माझ्या दारात पावणी उपाशी?" भामाबाईनं आख्खं पान तिच्या हातात दिलं. "माझ्या गळ्याची आण हाय तुमाला. खावा."

आग्रहाला नाही म्हणायचं कसं? तेही जग बघत असताना! सोनियानं पान तोंडात घातलं. ते टाळूला चिकटलं. तिनं दोनदा गिळलं, तिसऱ्यांदा गिळताना डोळे मिटले. मग भामाबाईनं शांतपणे आपला तुकडा खाल्ला. "म्हशीनं खाल्लं आसतं," म्हणाली. लोकांनी हसून हसून बदामांचा पाऊस पाडला.

मग निघालं निळ्या बुरशीचं चीज. भामाबाईनं स्वतःच्या हातानं भलं मोठं ढेकूळ कापलं. वासानंच सोनिया मागं सरकली. तिनं बेसिन शोधावं तसं इकडंतिकडं बघितलं, पण माळावर कुठलं आलंय बेसिन? "घ्या की. लाजू नगासा. आनी वाढू का?" म्हातारी वाढत होती आणि सोनिया गिळत होती. मंगल चुलीपुढं बसून जाळ सारत होती. तिच्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आईचा हा आग्रह तिनंसुद्धा कधी बघितला नव्हता.

"आता बास, मावशी," सोनिया कशीबशी बोलली. आजी म्हणायचंही विसरली.

"बास कसं? ती हिरवी चटणी आणलीया न्हवं?" भामाबाईनं पिशवीत हात घातला आणि बरोबर ट्यूब काढली. "डोळं झाक झाल्यात आता माझं. समदं दिसतंय."

तिनं भाकरीचा चतकोर घेतला, त्यावर लोणी फासावं तशी वसाबी जाड फासली आणि सोनियापुढं धरली.

"घ्या. पुदिन्याची हाय."

सोनियानं मंगलकडं बघितलं. मंगल म्हणाली, "खावा की वैनी. अमेझिंग हाय!"

खाल्लं. खावंच लागलं. पहिल्या घासाला तिचं तोंड लाल झालं, दुसऱ्याला नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, काजळ हनुवटीपर्यंत ओघळलं. थुंकायला वळली तर भामाबाईनं हात धरलेला. "थुकू नगासा. घरधनिणीचा अपमान हुतो." शेवटी हात हिसडून सोनिया मेंढरं कोंडायच्या वाघराच्या जाळीमागं पळाली आणि त्यांच्याच देखत भडाभडा ओकली. ओकण्याचा आवाज पार सांगलीपर्यंत गेला असणार.

पडद्यावर लोक लिहीत होते: आजी, आता तुमची पाळी!

मंगलनं ते वाचून दाखवलं. भामाबाईनं मोबाईलकडं रोखून बघितलं.

"म्या खाल्लीया. मागल्या साली. तवा तुमी समदी हसला हुता. हसा आता."

सोनिया परत आली आणि तिनं झडप घालून मोबाईल बंद केला. डोळे सुजलेले, नऊवारी चुरगळलेली. तेवढ्यात दिवळीतला मोबाईल तिला दिसला.

"मंगल, ते काढून टाक गं. पाया पडते तुझ्या. मला बाहेर तोंड दाखवता येणार नाही."

हेच ऐकायला मंगल वर्षभर जगली होती. तिनं ते पोटभर ऐकलं. मग आईकडं वळली.

"आई, काढू का?"

भामाबाईनं ताकाचा तांब्या आणून सोनियाच्या हातात दिला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. पावणी होती ती.

"काढ की. बिचारीला तरास हुतोय. पर जत्रा झाल्यावर काढ. तवर गावाला बघू दे." मग ती कोपऱ्यातली टोपली उचलून झटकायला लागली. "आन हरिबाच्या सुनंला सांग, यंदाचा निवद म्या घिऊन जाणार हाय."