उलटी बोलणारी कार्डं

कात्री माझ्याच हातात होती, हे आधीच सांगून टाकतो.

दवाखान्याच्या औषधखिडकीवर मी कारकून. कायमचं दुखणं असलेली माणसं कार्ड आणतात, मी ते रीडरमध्ये सरकवतो, पडद्यावर नाव आणि औषधं उमटतात. बारा वर्षं हेच. मग नवे संगणक आले, नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली, आणि पहिल्याच सोमवारी जुनी सगळी कार्डं मुकी झाली. पडद्यावर एकच ओळ: ‘कार्ड अवैध’.

साहेबांनी झटक्यात निकाल लावला. अवैध कार्ड कापायचं आणि माणसाला नव्यानं अर्ज करायला लावायचा. नवं कार्ड यायला तीन महिने.

“तोवर औषध?” मी विचारलं.

“नियमात बसेल तर.”

मी कापत सुटलो. मंगळवार दुपारपर्यंत एकतीस.

बत्तिसावं निघालं खुडबुडीच्या आत्याचं. खुडबुडी म्हणजे आमच्या संगणक खोलीतली बाई. बंद पडलेलं काहीही दिसलं की हिचे हात शिवशिवणार. आत्या निवृत्त बस कंडक्टर. आवाज अजून शाबूत.

“द्या कार्ड, कापायचंय,” मी म्हणालो.

“कात्री लावून तर बघ! मी जिवंत, माझं दुखणं जिवंत, आणि कार्ड तेवढं मेलं होय रे?”

आवाज ऐकून खुडबुडी धावत आली. तिनं कार्ड घेतलं, रीडरची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली आणि रांगेतल्या आणखी सहा जणांची कार्डं मागून एकेक करून घातली. दर वेळी पडद्यावर तोच आकडा: शून्य तीन.

“बिघडलेली कार्डं अशी एका सुरात बिघडतात का?” ती म्हणाली. “ही बोलतायत. आपल्यालाच ऐकू येत नाहीये.”

मला तिनं समजावलं ते असं. रीडर सिरियल पोर्टच्या वायरवर असतो; त्यातून शून्य आणि एक असे एकामागोमाग एक येतात. ते ऐकणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. वीज मिळाली की कार्ड पहिल्या अक्षरातच सांगतं, मी सुलट बोलणार की उलट. आमची जुनी कार्डं उलट बोलणारी: एकाच्या जागी शून्य, शेवटचं आधी. पहिलं उलटं अक्षर सुलट वाचलं की ‘शून्य तीन’ दिसतं. प्रत्येक अक्षरामागे तपासणीचा एक बिट, म्हणजे एक जादा शून्य किंवा एक, असतो. उलट अक्षराचा तो बिट सुलट हिशेबात जुळत नाही, आणि नवा ड्रायव्हर ते अक्षर सरळ फेकून देतो.

“पहिल्याच शब्दाला नापास,” ती म्हणाली, “पुढचं ऐकायलाच तयार नाही.”

साहेबांनी तिला बोलावून कागद पुढे केला: ‘कार्डे सदोष असल्याचे तपासणीत आढळले.’ मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

“यावर सही होणार नाही. दोष ड्रायव्हरमध्ये आहे.”

“मग मुख्यालयाला कळवू. त्याची एक प्रक्रिया असते.”

“आत्याच्या गोळ्या गुरुवारी संपतात. प्रक्रियेला सांगा, गुरुवारच्या आत ये म्हणावं.”

दोन दिवस ती खोलीतून जेमतेम बाहेर आली. तोवर मी साहेबांच्या नकळत जुनी कार्डं न कापता ‘गुरुवारी या’ म्हणून परत देत होतो. ड्रायव्हरमध्ये तिनं एवढंच शिकवलं: पहिलं अक्षर जुळलं नाही तरी फेकू नकोस. शून्य तीन आलं, तर तपासणीचा नियम बदल आणि पुढचं प्रत्येक अक्षर उलटून वाच.

गुरुवारी अकरा वाजता रांग दारापर्यंत गेली होती. खुडबुडी म्हणाली, “उठा जरा,” आणि माझ्या खुर्चीवर बसली. साहेब तरातरा आले.

“परवानगीशिवाय हात लावलात तर निलंबित करीन!”

“करा. फक्त लेखी द्या. आणि कारणही लिहा, चांगली कार्डं बंदच राहावीत म्हणून.”

साहेब दार अडवून उभे राहिले. मागून आत्या गरजली, “साहेब, दारात उभे राहू नका! मागची माणसं खोळंबलीयत!”

रांग खो-खो हसली. खुडबुडीनं आत्याचं कार्ड सरकवलं. क्षणभर काहीच नाही. मग नाव आलं, आणि त्याखाली औषधं, ओळीनं.

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही काय बघताय? कापायचं काम सुरू ठेवा.”

“नाही साहेब,” मी म्हणालो. कात्री खणात टाकली. “पुढचं कार्ड द्या,” मी रांगेला म्हणालो.

त्या दिवशी एकूण एक जुनं कार्ड चाललं. कापलेल्या एकतीस जणांची नोंद मशीनमध्ये होतीच. त्यावरून आम्ही अर्जाशिवाय, संगणक खोलीतल्या कोऱ्या कार्डांवर, नवी कार्डं केली आणि मी ती घरोघर पोचवली. एका निवृत्त सुताराला औषध चुकल्यानं दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं. त्यानं कार्ड घेतलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं काही चुकलं नाही.

नंतर खुडबुडीकडे खुलासा मागितला गेला. तिनं लिहिलं: ‘कार्डे वैध होती. मी ती चालू केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.’

मी कागद वाचला आणि न विचारता तिच्या नावाखाली माझं नाव घातलं.

“तुम्हाला कुणी विचारलंय का?” ती म्हणाली.

“नाही.”

दोघंही महिनाभर निलंबित झालो. तिचा ड्रायव्हर मात्र काढायची कुणाची छाती झाली नाही. रांग रोज समोर उभी होती.