एकतीस सप्टेंबर

मित्रांनो, कागदावर तारीख उठवणारा मी एक जुना शिक्का. हल्ली ड्रॉवरमध्ये गंजलेल्या टाचण्यांच्या शेजारी पडून असतो. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे का, याची मलाच शंका वाटते. पण माझ्यावर जो ठपका आला, तो तुम्ही एकदा तपासून पाहा.

माझ्या पोटात दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची अशा तीन रबरी पट्ट्या आहेत. बाजूची चाकं फिरवली की त्या सरकतात. मी एका प्रयोगशाळेत कामाला लागलो. तिथे गाठीचा तुकडा तपासून डॉक्टर अहवाल लिहीत आणि कारकून त्यावर मला दाबत असे. नव्याची नवलाई होती तोवर तो मला मऊ फडक्याने पुसायचा. "काय ठसा उठतो!" म्हणायचा, आणि मी फुशारून जायचो. पुढे महिन्याचं चाक घट्ट झालं. ते फिरवताना नखांत शाई जायची. एक ऑक्टोबरला तो म्हणाला, "उद्या बघू." त्याचा उद्या महिनाभर उजाडला नाही. दिवसाचं चाक तेवढं तो पेन्सिलीच्या टोकाने ढकलायचा.

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मावशींचा अहवाल आला. मावशी लाँड्रीत कपडे धुवायच्या. चार वर्षांपूर्वी कारखान्याची टाकी फुटून विषारी धूर पसरला होता. तेव्हा साफसफाई करणाऱ्यांचे पिवळे पडलेले कपडे त्यांनी महिनाभर हातांनी धुतले. आता त्यांच्या घशात कर्करोग निघाला होता.

भरपाई समितीच्या भिंतीवर पात्र कर्करोगांची यादी टांगलेली होती. घशाचा त्यात होता. अट एवढीच, की दुर्घटनेला चार वर्षं पुरी झाल्यावर निदान झालेलं हवं. त्याआधीचा रोग धुराचा नव्हे. चार वर्षं भरली दहा ऑक्टोबरला. पात्र ठरल्या तर मावशींचे पुढचे उपचार मोफत, नाहीतर बंद.

समितीने अर्ज फेटाळला. 'रोगनिदान मुदतीच्या दहा दिवस अगोदर.' खाली तीन विद्वानांच्या तीन झोकदार सह्या. जणू मावशींनीच आजारी पडायची घाई केली!

मावशींना घेऊन त्यांची लेक प्रयोगशाळेत आली.

"दादा, अहवाल ऑक्टोबर संपता संपता मिळालाय. मी स्वतः नेलाय."

"ताई," कारकून मला थोपटत म्हणाला, "माणूस चुकेल, शिक्का चुकत नाही."

इतकी घाणेरडी स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

बाकावर बसलेल्या मावशींनी कागद मागून घेतला. मूठ वळली आणि लहान मुलं मोजतात तसे बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, सप्टेंबर खड्ड्यात येतो. त्याला एकतीस तारीख असते होय?"

कारकुनाचा चेहरा पडला.

पुरावा म्हणून मला पाकिटात घालून समितीपुढे नेलं. मावशींनी मेजावर मूठ ठेवली. "मोजा, साहेब."

अध्यक्षांनी मोजलं, स्वतःच्या मुठीवर, मेजाखाली लपवून. मग उरलेल्या दोघांनीही तसंच मोजलं. एवढी शिकलेली माणसं, आणि तीस दिवसांचा महिना त्यांना एका धुणंवालीने शिकवावा लागला! पण लाज वाटायला थोडी तरी अक्कल लागते. त्यांनी हुकूम लिहिला: 'शिक्का सदोष. अर्जदार पात्र.'

"असल्या शिक्क्यामुळे बाईंना किती त्रास!" अध्यक्ष हळहळले.

मावशी म्हणाल्या, "त्याला कशाला बोलता? फिरवला तसा फिरला बिचारा. तुम्हाला तर कोणी हातात धरलं नव्हतं ना?"

मावशींचे उपचार सुरू झाले. कारकुनाला नवा शिक्का मिळाला, विद्वानांच्या खुर्च्या तशाच राहिल्या आणि मी ड्रॉवरमध्ये आलो.

मित्रांनो, हातातल्या वस्तूच्या चाकांना वेळेवर तेल द्या. आणि ठसा पाहून मान डोलवण्याआधी एकदा मूठ वळून मोजा. अर्थात तेवढ्याने सगळं भागेल असं मला वाटत नाही. त्या ऑक्टोबरात मी आणखी कितीतरी अहवालांवर सप्टेंबर उठवला. त्यांच्या तारखा अकरा, सोळा, तेवीस अशा होत्या. त्या सप्टेंबरात असतात. ती चूक कोणाच्याही मुठीवर सापडणार नाही.