भुकेला गाठ मारणारा त्रिशूळ

गुरुवारी सकाळी कामोठ्याच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. बाया कमरेपाशी दुमडून शिवलेले ब्लाऊज एकमेकींना दाखवायच्या, पुरुष पट्ट्याला नवीन पाडलेलं भोक. साताऱ्याकडची सखूबाई सगळ्यांना सांगत होती, "वडापाव समोर ठेवला तरी मन जाईना. पाच आठवड्यांत सात किलो गेलं."

अंकुशनाथ महाराज कॉलरचा माइक सावरत बोलू लागले, "भूक म्हणजे मागच्या जन्मीची वासना. मी तिला गाठ मारतो. गाठ सात दिवस टिकते, म्हणून गुरुवार चुकवायचा नाही. मळमळलं तर समजा, वासना बाहेर पडतेय."

गाठ नेमकी कसली, हे कुणी विचारत नव्हतं. एकेक जण पुढे येई, महाराज उघड्या पोटाला पितळी त्रिशूळ टेकवत आणि त्याच क्षणी शिष्य भली मोठी घंटा बडवी.

पुतळाबाई या रांगेत सहा गुरुवार उभी राहिली होती. वाशीच्या मार्केटात कांदा निवडून तिचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, वजन कमी करा. सहाव्या गुरुवारनंतर पोटात असा मुरडा उठला, की धाकटी बहीण उज्ज्वला तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेली. स्वादुपिंडाला सूज होती. दोन वर्षांपूर्वीही तिला हेच झालं होतं.

उज्ज्वला जुईनगरला डॉक्टर नंदिनी यांच्या दवाखान्यात नर्स होती. हॉस्पिटलात अक्काचं अंग पुसताना तिला बेंबीच्या डावीकडे बारीक ठिपके दिसले. तिने मोजले. सहा.

"अक्का, त्रिशूळ टेकवला की काय वाटायचं?"

"मुंगी चावल्यागत, उजे. आन् गार लागायचं. महाराज म्हनायचे, हिमालयातला गारवा हाय."

उज्ज्वलाचे हात जागच्या जागी थांबले. मुंगी चावल्यासारखं वाटेल, असं ती स्वतः रोज इंजेक्शन देण्याआधी पेशंटना सांगायची.

पाचव्या दिवशी पुतळा गेली. पुढच्या गुरुवारी महाराजांनी माइकवरून सांगितलं, "तिने चोरून खाल्लं. देवी कोपली." सखूबाईने ते उज्ज्वलाला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. शेवटचे चार दिवस अक्काच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरलं नव्हतं. उज्ज्वला रडली नाही. तिने डॉक्टर नंदिनींना सगळं सांगितलं.

"पोलिसांत जाऊ," मॅडम म्हणाल्या.

"जाऊ. पण मला त्याला नुसता पकडून नाही द्यायचा, मॅडम. ज्यांच्यासमोर त्याने अक्काला चोर म्हटलं, त्यांच्यासमोर त्याचं तोंड उघडायचंय."

त्यानंतरच्या गुरुवारी नंदिनी दोन साध्या वेशातल्या पोलिसांबरोबर मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. उज्ज्वला मास्क लावून रांगेत शिरली. तिची पाळी आली. त्रिशूळ पुढे आला, शिष्याने घंटेचा हातोडा उचलला, आणि उज्ज्वलाने महाराजांचं मनगट धरलं. सुईला घाबरून हात ओढणारे पेशंट तिने वर्षानुवर्षं धरले होते. ही पकड सुटणारी नव्हती. त्रिशूळ फिरवून तिने मधलं टोक त्यांच्याच कफनीवर पोटाशी टेकवलं. दांड्याच्या मागे तिच्या अंगठ्याला बटण लागलं.

"महाराज, आज तुमच्या वासनेला गाठ मारू. सगळ्यात मोठी, एकदम."

"सोड," महाराज म्हणाले. तिने अंगठ्याचा जोर किंचित वाढवला. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं.

"दाबू नकोस. सगळा डोस जाईल. आणि सुई वापरलेली आहे, तुझ्याआधीच्या चौघांना तीच लावलीय."

हे सगळं कॉलरच्या माइकमधून हॉलभर घुमलं. घंटा वाजली नाही. इतके दिवस गाठ म्हणणारा माणूस डोस म्हणाला होता.

क्षणभर उज्ज्वलाला वाटलं, दाबावं. अंगठा तिथेच होता. अक्काचं कोरडं पडलेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढे होतं. मग तिने त्रिशूळ हिसकावून मधला पोकळ दांडा उघडला आणि आतलं इंजेक्शनचं पेन वर धरलं. पोलीस पुढे आले, त्यांनी पेन पिशवीत घातलं आणि महाराजांना खाली बसवलं.

डॉक्टर नंदिनींनी माइक घेतला. "आपण जेवलो की आतडं मेंदूला निरोप धाडतं, पुरे झालं. हे औषध त्याच निरोपाची नक्कल करतं. जेवण जठरात जास्त वेळ राहतं, भूक मंदावते. असर आठवडाभर राहतो, म्हणून यांचा गुरुवार. औषध थंड ठेवावं लागतं, म्हणून हिमालय. बटण दाबलं की टिकटिक होते, म्हणून घंटा."

"मग औषध खोटं न्हाई?" सखूबाईने विचारलं.

"औषध खरं आहे. मी स्वतः देते. पण आधी विचारते, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, दुसरी औषधं कोणती. लहान डोसने सुरू करते, महिन्या-महिन्याने वाढवते, मध्ये तपासते. प्रत्येकाला नवी सुई. पुतळाबाईंना पहिला प्रश्न विचारला असता, तर हे इंजेक्शन मी त्यांना दिलंच नसतं. पेनवरचा आकडा सांगतो, यांनी सहा आठवड्यांत डोसच्या चार पायऱ्या चढवल्या."

अंकुशनाथ मान खाली घालून बसले होते. उज्ज्वला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझी बहीण चोरून खात नव्हती. माइक चालू आहे. सांगा."

त्यांनी सांगितलं. अगदी हळू, पण हॉलने ऐकलं.

पुढचा आठवडाभर कामोठ्याची माणसं जुईनगरला रक्त तपासायला येत राहिली. एका सुईने किती पोटं टोचली होती, कुणालाच ठाऊक नव्हतं. सखूबाईने बाही वर केली.

"त्याला काय शिक्षा हुईल गं?"

"कोर्ट ठरवेल. जादूटोण्याच्या कायद्याखाली गुन्हा लागलाय, डॉक्टर नसताना औषध दिल्याचाही. प्रत्येक तारखेला मी पहिल्या बाकावर बसणार आहे, त्याला मी दिसेन अशी."

"आन् आम्ही काय करायचं?"

उज्ज्वलाने नवी सुई पाकिटातून फोडून तिला दाखवली.

"विचारायचं. यात काय आहे, किती आहे, माझ्या अंगाला चालेल का, आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण. डॉक्टरलाही विचारायचं, मलाही विचारायचं. विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्यापुढे पोट उघडं करायचं नाही."

सखूबाईने सुईकडे पाहिलं. "यात काय हाय?"

"काही नाही. रिकामी आहे, रक्त घ्यायला," उज्ज्वला म्हणाली, आणि तिने शीर शोधायला घेतली.