निवृत्तीच्या तारखेचा शिक्का

किसनराव निवृत्त झाले त्या दिवशी शाळेने त्यांना शाल दिली, नारळ दिला, पण ग्रंथालयाची किल्ली काही त्यांच्याकडून घेतली नाही. घेणार कोण? चार्ज घ्यायचा म्हणजे पुस्तकं मोजून घ्यायची, आणि एखादं कमी भरलं की वसुली आपल्या पगारातून. किसनरावांनी किल्ली पुढे केली की समोरचा माणूस दोन्ही हात पाठीमागे नेई. पीटीचे सर तर ‘विश्राम’मध्ये उभे राहिले, ते निरोप समारंभ संपेपर्यंत हललेच नाहीत.

नवा ग्रंथपाल यायचा प्रश्न नव्हता. पद मुळातच अर्धवेळ, ते किसनरावांबरोबरच गेलं. सरकारी भाषेत व्यपगत झालं. पद पूर्णवेळ होईल या आशेवर किसनरावांनी सारी नोकरी काढली होती. ते काही झालं नाही. म्हातारपण तेवढं पूर्णवेळ मिळालं.

तेव्हापासून किल्ली त्यांच्या घरी खुंटीला होती. कुलूप उघडायचा हक्क नाही आणि किल्ली फेकवत नाही. अल्लीपूरच्या बाजाराला निघाले की ते मुद्दाम शाळेवरून जात, ग्रंथालयाच्या खिडकीला नाक लावत. आत कपाटं उभी असत, लग्नात रुसून बसलेल्या नातेवाइकांसारखी. सगळं दिसे, पण जुन्या कागदाचा वास काचेतून बाहेर येत नसे. आणि त्यांना तर तोच हवा असे.

“अवो, तिथं का सोनं गाडून ठेवलं का तुम्ही?” त्यांची बायको, कमलाबाई विचारत. “अर्ध्या पगाराच्या जागी अर्धंच मन ठेवावं मानसानं. तुम्ही सगळंच ठेवून आले.”

किसनराव पिशवी उचलून बाजाराची वाट धरत. खरं बोलणाऱ्या बायकोशी वाद काय घालणार?

मग एका सोमवारी हेडमास्तर घनश्याम सर स्वतः मोटारसायकलवर दारात हजर. तपासणीला पथक येणार होतं, आणि शाळेत चालू ग्रंथालय आहे असं त्यांनीच वर कळवून ठेवलं होतं.

“किसनभाऊ, एका दिवसाचा प्रश्न आहे. उघडा, बसा. पोट्टे बसवतो, फोटो काढतो, मंग लावा कुलूप.”

“मी कोन म्हणून बसू जी?”

“ग्रंथपाल म्हणून.”

“पद नाई ना.”

“पद नाई, पन खुर्ची आहे ना? बसा!”

पथकाच्या दिवशी किसनरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. कुलूप कुरकुरलं, दार उघडलं आणि तो वास आला. पाठोपाठ शिंका आल्या. त्यांनी त्या सगळ्या मनापासून दिल्या.

पथक आलं, पोरांच्या हातात पुस्तकं पाहून खूश झालं, पोहे खाऊन उठलं. घनश्याम सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. जाताना पोरांना पुस्तकं ठेवून वर्गात जायला बजावून गेले. सातवीतली आचल मात्र उठेना.

“माह्यं अर्धंच झालं सर. विहिरीत पडलेला मानूस अजून वर नाई आला.”

किसनरावांनी दाराकडे पाहिलं. मग जुन्या सवयीने खण उघडला, तारखेचा शिक्का काढला, वाळलेल्या शाईवर पाणी शिंपडलं. शिक्क्याची चाकं गंजून घट्ट बसली होती. फिरवून पाहिली, हलेनात. तारीख त्यांच्या निवृत्तीचीच होती.

“घरी ने,” ते म्हणाले, आणि शिक्का ठप्पकन उमटला. आचलच्या मागे लगेच रांग लागली.

घनश्याम सर परतले तोवर एक कप्पा रिकामा झाला होता.

“हे काय करून राह्यले किसनभाऊ! परत कोन घेईन? हरवली तर कोनाच्या पगारातून...” बोलता बोलता त्यांनी एका पोराच्या हातातलं पुस्तक उघडलं आणि शिक्का पाहिला. चेहरा हळूहळू निवळला. “हे तर तुमच्या नोकरीतली तारीख!”

“हो जी.”

“म्हणजे वाटप तुमच्या काळातलं. शाळेचा संबंध नाई. शेवटचं पुस्तक परत येईपर्यंत तुम्हालेच इथं येऊन बसा लागन.”

“लागन जी,” किसनराव म्हणाले. चेहरा त्यांनी जमेल तितका पडलेला ठेवला.

आपल्या गळ्यातलं लोढणं सुटलं म्हणून घनश्याम सर हलक्या पावलाने ऑफिसात गेले. किसनराव रांगेकडे वळले.

“पोट्टेहो, सगळे एकाच दिवशी नका येऊ. एकेकानं येजा. अन् आचल, तू सावकाश वाच. त्या मानसाले विहिरीतून वर काढाची घाई नको करू.”